उन्हातलं अत्तर

पाच जून दोन हजार एकोणीस. ईदची सकाळ. आठ वाजून दहा मिनिटांनी माझ्या मुलीचा, नशराचा फोन आला, तेव्हा पनवेलच्या ईदगाह मैदानाच्या दारात उभा राहून मी तीनेकशे माणसांच्या हातांना अत्तर लावून मोकळा झालो होतो. त्यातल्या एका माणसाच्या हातांसाठी मी हे लिहायला बसलोय.

मी नझीर अत्तरवाला. खरं आडनाव वेगळं आहे, पण ते आता फक्त रेशनकार्डावर उरलंय. दुबईत सुगंधाच्या एका दुकानात अठरा वर्षं काढली, मग परत येऊन पनवेलच्या बाजारात स्वतःचं छोटं दुकान टाकलं. मी तोंडाने फटकळ आहे, हे माझी बायको फहमिदा रोज सांगते आणि गिऱ्हाइकं दुकानाची पायरी उतरताना सांगून जातात. पण नाकाच्या बाबतीत माझा हात कुणी धरू शकत नाही, असं मला तेव्हा वाटायचं. अजूनही थोडं वाटतं.

दुबईत मे महिना लागला की गोऱ्या साहेबांची एका बाटलीवर झुंबड उडायची. लिंबू-संत्र्याच्या सालींचा उन्हाळी स्प्रे. एक फवारा मारला की वाटायचं, कुणीतरी आत्ता या क्षणी कागदी लिंबाच्या सालीत नख रुतवलंय. तोच हिरवा, डोळ्यांत झोंबणारा वास. पाचेक मिनिटांनी तो जरा खाली बसायचा आणि मागून संत्र्याचं पान चुरगाळल्यावर येतो तसा कडवटपणा यायचा. अर्ध्या तासात सगळं गायब. गुलाबाचं अत्तर घरंदाज असतं. ऊद सासऱ्यासारखा येऊन बसतो, उठायचं नाव घेत नाही. हा लिंबाचा वास मात्र आगाऊ. आल्या आल्या मोठ्याने बोलणार, सगळ्यांना हसवणार आणि चहा यायच्या आत चप्पल घालून चालता होणार. मला तो भारी आवडायचा. मी स्वतः तसा नाही, म्हणून असेल.

पण स्प्रेमध्ये अल्कोहोल. आमच्यातले बरेच जण नमाजला जाताना तो लावत नाहीत. लावायचं ते तेलातलं अत्तर. आणि आमची नेहमीची अत्तरं म्हणजे ऊद, कस्तुरी, शमामा. थंडीत ठीक आहेत, पण जूनच्या उकाड्यात ऊद लावून नमाजला बसणं म्हणजे अंगावर गोधडी घेऊन बसणं. तेव्हा तो आगाऊ लिंबू तेलात बसवून दाखवायचा, असं मी मनावर घेतलं. दोन वर्षं फहमिदाच्या स्वयंपाकघराची वाट लावली. डाळीला संत्र्याचा वास यायला लागला तेव्हा तिने माझ्या बाटल्या उचलून गच्चीवर नेऊन ठेवल्या.

अडचण एकच होती. वास टिकत नव्हता. आणि आमच्या गिऱ्हाइकाची परीक्षा ठरलेली: पहाटेच्या नमाजला लावलं तर दुपार कलल्यावरही मनगटाला वास आला पाहिजे, नाहीतर अत्तरवाला चोर. मग मी काय केलं? प्रमाण वाढवलं. स्प्रेच्या बाटलीत सालीचं तेल असतं चमचाभर, बाकी सगळं उडून जाणारं स्पिरिट. माझ्या कुपीत तिसरा हिस्सा नुसतं सालीचं तेल. तेही वाफेवर काढलेलं नाही. वाफेवर काढलं की लिंबू शिजतं आणि वासही शिजतो. मी मुंबईहून कच्चं, साली दाबून काढलेलं तेल आणलं. कागदी लिंबाचं, आणि बर्गमोट नावाच्या एका परदेशी लिंबाचं. खाली थोडा खस ठेवला, नव्या माठातल्या पाण्याला येतो तसा गारवा यावा म्हणून.

आणि जमलं हो! त्या अत्तराचा पहिला थेंब मनगटावर ठेवला तेव्हा मी गच्चीवर एकटाच हसलो. सगळं तसंच, तोच आगाऊपणा, पण हा पाहुणा जेवायला थांबत होता. मी त्याचं नाव ठेवलं ‘सबा’. सबा म्हणजे पहाटेचा वारा.

यात उन्हाचा विचार कुठून येणार? मी स्वतः ते लावून बघितलं तेही दुकानाच्या सावलीत बसून. अत्तर हाताला लावायचं, कानामागे लावायचं, उरलेलं दाढीवरून फिरवायचं, हे माझे आजोबाही करायचे. गुलाबाने, केवड्याने, खसाने आजवर कुणाचं काही वाकडं केलं नाही. आणि लिंबू तर आपण रोज खातो. मी तीस वर्षं या धंद्यात आहे आणि मला हे माहीत नव्हतं, एवढंच खरं.

ईदच्या नमाजला मैदानाच्या दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला अत्तर लावायचं, हा आमच्या घराचा रिवाज. वडिलांनी सुरू केला, ते गेल्यावर मी चालवला. दरवर्षी गुलाब असायचा. त्या वर्षी मी सबा घेऊन गेलो. साडेआठची नमाज होती, मी सात वाजताच उभा राहिलो. काचेची सलाई कुपीत बुडवायची आणि हाताच्या पाठीवर रेघ ओढायची. लोक हात चोळायचे, मानेला लावायचे, नाकाशी न्यायचे आणि चालता चालता थबकायचे. “नझीरभाई, ये क्या है?” असं एकेक जण मागे वळून विचारत होता. पाऊस अजून लांब होता, आकाशात ढग नव्हता, सात वाजताच पाठीला घाम फुटला होता, आणि अशात तो वास. सराफकट्ट्यावरचे हाजीसाहेब, ज्यांनी जन्मात माझ्या एकाही अत्तराला बरं म्हटलं नाही, त्यांनी तीनदा हात हुंगला आणि “माशाअल्ला” म्हणाले. मी जमिनीपासून चार बोटं वर चालत होतो.

आठच्या सुमाराला काशिराम आला.

काशिराम कोळी. खाडीकाठच्या कोळीवाड्यात राहतो. नगरपालिकेच्या मराठी शाळेत चौथीपासून आम्ही एका बाकावर. मी दुबईला होतो त्या अठरा वर्षांत माझ्या आईला ताजी मासळी याने पोचवली, आणि ती गेली तेव्हा मी पोचेपर्यंत घरात हा बसून होता. नमाजशी त्याचा काही संबंध नाही, पण ईदच्या सकाळी तो दारात येतो, मला मिठी मारतो, आत सरबताच्या टेबलावर एक ग्लास रिकामा करतो आणि जातो. दुपारी बायकोला, शांतीला घेऊन शिरखुर्म्याला घरी.

“कसला रं वास हा?” त्याने लांबूनच विचारलं.

“लिंबू.”

“माज्या हातांचा मासळीचा वास जाईल का यानं?”

“पन्नास वर्षं खाडीच्या पाण्याने गेला नाही, माझ्या अत्तराने काय जातोय?”

तो खदखदून हसला. मला भरून आलं होतं, सकाळपासूनच्या कौतुकाने म्हणा किंवा कशाने. मी सलाई बाजूला ठेवली आणि कुपीच त्याच्या ओंजळीत उपडी केली. त्याने दोन्ही हातांना कोपरापर्यंत चोळलं, उरलेलं मानेला फासलं.

“लग्नाला चाललास की काय?”

“कसलं लगीन! बंदी लागली ना मासेमारीला, आता दोन म्हैने होडी उपडी. आज खरवडायची हाय. दिसभर उनातच.”

आणि तो सरबताकडे गेला. माझ्यापासून दहा पावलांवर.

तेवढ्यात फोन वाजला. नशरा फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. एरवी ती माझ्याशी मस्करीतच बोलते. त्या दिवशी तिचा आवाज वेगळा होता.

“अब्बा, सबा कुणाला लावू नका.”

“काय?”

“परवा मी हाताला लावलं होतं आणि गच्चीवर दोन तास कपडे धुऊन वाळत घालत होते. काल तिथे लाल झालं. मला वाटलं इस्त्री लागली. आज फोड आलाय, अब्बा. जिथून अत्तर ओघळलं तिथेच, बोटभर पट्टा. मी आत्ता वाचत बसले होते. सालीच्या कच्च्या तेलात काहीतरी असतं, ते अंगावर असताना ऊन लागलं की कातडी भाजते. सावलीत काही होत नाही. उन्हात होतं. आणि लगेच नाही, दोन-तीन दिवसांनी दिसतं.”

“ईदच्या सकाळी हे काय लावलंयस?” मी खेकसलो. मुलीचा हात भाजलाय आणि मी तिच्यावर खेकसलो, हे लिहून ठेवतो.

“अब्बा, लावलं का कुणाला?”

“धुतलं तर जातं?”

“साबणाने. नुसत्या पाण्याने नाही, तेल आहे ते. आणि ऊन लागायच्या आत.”

मी फोन खिशात टाकला आणि मैदानाकडे पाहिलं. मांडव फक्त पुढच्या पाच-सहा रांगांवर होता. मागे सगळं उघडं. पांढऱ्या टोप्यांच्या रांगाच रांगा उन्हात बसल्या होत्या. अजून नमाज, मग खुतबा म्हणजे इमामांचं प्रवचन, मग गळाभेटी. तासभर कुणी हलणार नव्हतं.

समोर हाजीसाहेब परत आले होते. “नझीर, अजून थोडं लाव. काय चीज बनवलीस!” त्यांच्यामागे आणखी चार जण हात पुढे करून.

त्याच वेळी काशिरामने ग्लास टेबलावर ठेवला. हाताच्या पाठीने तोंड पुसलं. दारातून बाहेर पडताना त्याने माझ्याकडे पाहून हात वर केला, दुपारी येतो अशी खूण केली. ऊन त्याच्या हातावर पडलं होतं. तेलाने तो चकाकत होता.

मला सगळं माहीत होतं तेव्हा. तो दिवसभर उन्हात असणार, हेही दोन मिनिटांपूर्वी त्याने स्वतः सांगितलं होतं. एक हाक मारायची होती. “काश्या, इकडे ये, साबणाने हात धू.” बस. पण ते हाजीसाहेबांनी ऐकलं असतं, मागच्या चौघांनी ऐकलं असतं, आणि का धू, हे मला सांगावं लागलं असतं. तीस वर्षांत पहिल्यांदा लोक माझ्याकडे असे बघत होते.

मी पण हात वर केला. तो गेला.

आणि मी हाजीसाहेबांच्या हातावर आणखी एक रेघ ओढली.

पुढची सात-आठ मिनिटं मी काय केलं ते मला विचारू नका, मीच सांगतो. मी अत्तर लावत राहिलो. सलाई कोरडी करून, नुसता लावल्यासारखं करत. मनात हिशेब चालू होता: नशराचं ऊन दुपारचं होतं, हे सकाळचं आहे. तिची कातडी नाजूक आहे. पोरीने मोबाइलवर काहीतरी वाचलंय. कुणाला दोन दिवसांनी चट्टा आलाच तर घामोळं म्हणतील, अत्तराचं नाव कोण घेणार? हे शेवटचं मनात आलं तेव्हा मला माझीच किळस आली. तरी मी थांबलो नाही.

थांबवलं ते एका तरुण बापाने. कोन गावाकडचा असावा, ओळखीचा नव्हता. कडेवर सात-आठ महिन्यांची मुलगी, चकचकीत फ्रॉक घातलेली. त्याने तिचा गाल माझ्यापुढे केला. “चाचा, हिला पण लावा ना. पहिली ईद आहे तिची.”

मुलीने सलाई धरायला हात पुढे केला. मी कुपीला झाकण लावलं.

“हिला सावलीत ने,” मी म्हणालो. “आणि तुला मी लावलंय का? दाखव हात.”

मग मी धावलो. पन्नाशी उलटलेला, गुडघे दुखणारा माणूस नव्या कुडत्यात रांगांमधून, लोकांच्या चटया तुडवत मांडवाकडे धावतोय, हे दृश्य पनवेलने पहिल्यांदा पाहिलं. पेशइमाम साहेब माइकसमोर उभे राहतच होते. मी त्यांच्या कानात काय बोललो ते धड मलाही कळलं नाही, पण त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि माइक माझ्या हातात दिला.

“मी नझीर अत्तरवाला,” मी म्हणालो. माझाच आवाज चारी भोंग्यांतून माझ्या अंगावर आला. “आज दारात मी जे अत्तर लावलं त्यात माझ्याकडून चूक झाली आहे. ते अंगावर असताना ऊन लागलं तर कातडी भाजते. ज्यांना लावलंय त्यांनी आत्ता, नमाजच्या आधी, साबणाने हात आणि मान धुवा. नुसत्या पाण्याने जाणार नाही. मला माफ करा.”

मग एकदम कल्लोळ. कुणी हसत होतं, कुणी उठत होतं, कुणी ओरडलं, “लोकांना जाळायला निघालास का?” हाजीसाहेबांनी आपला हात अंगापासून लांब धरला होता, जणू तो दुसऱ्याचा आहे. समोरच्या किराणा दुकानदाराने साबणाच्या वड्यांचा खोका आणला, वड्या दोऱ्याने कापून त्यांच्या फोडी केल्या. नमाजआधी हातपाय धुवायच्या, वजूच्या नळांवर रांगा लागल्या. लोक हात धुऊन येत होते आणि मांडवात, झाडांखाली, कुंपणाच्या सावलीत दाटीवाटीने बसत होते. सबंध मैदानाला लाल साबणाचा वास सुटला. माझ्या दोन वर्षांच्या मेहनतीवर त्या साबणाने पाणी फिरवलं आणि माझ्यासाठी त्या क्षणी त्याच्याइतका चांगला वास दुसरा नव्हता.

साडेआठची नमाज नऊला पाच कमी असताना उभी राहिली.

खुतब्यात पेशइमाम साहेब माझ्याबद्दल बोलले. म्हणाले, एका दुकानदाराने आज आपल्या दुकानाचं नाव पणाला लावलं, पण तुमच्या अंगावर ओरखडा येऊ दिला नाही. लोक वळून माझ्याकडे बघू लागले. नंतर गळाभेटीला माझ्यापाशी रांग लागली. ओरडलेला माणूसही आला. हाजीसाहेब म्हणाले, “तेरे बाप का बेटा है तू.” माझे वडील जाऊन अकरा वर्षं झाली, हे वाक्य ऐकायला मी किती तरसलो होतो. आणि ते ऐकताना मी दाराकडे बघत होतो, जिथून काशिराम गेला होता.

काशिरामला फोन केला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा केला. पुन्हा तेच. स्कूटर काढली तर बाजारात ईदची गर्दी. रिक्षा, बुरखे, फुगेवाले, नवे कपडे घातलेली पोरं. मी हॉर्नवरचा अंगठा काढला नाही. दोघांनी शिव्या घातल्या, मी तिघांना घातल्या. एका चौकात पोलिसाने अडवून “ईद मुबारक, हळू चालवा,” म्हटलं. ऊन आता चांगलंच चटकायला लागलं होतं आणि प्रत्येक सिग्नलला मी आपला हात उन्हात धरून बघत होतो, किती पोळतंय.

खाडीवर पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. चिखलाच्या वर, ओंडक्यांवर होडी उपडी घातलेली. तिच्यावर काशिराम ओणवा. सदरा काढून ठेवलेला. हातात खरवडणी, पाठीवर ऊन, हातांवर ऊन, मानेवर ऊन.

“काश्या, उतर खाली!”

“आलास? सुट्टी ना तुला आज?”

“उतर म्हणतो ना!”

मी त्याला दंडाला धरून घरात नेलं. शांतीकडे साबण आणि बादली मागितली. पडवीत त्याला खाली बसवलं आणि त्याचे हात माझ्या हातात घेऊन धुवायला लागलो, कोपरापासून बोटांपर्यंत, एकदा, दोनदा, तीनदा. मग मान. शांती कमरेवर हात ठेवून बघत होती.

“भाव, ह्याला आंगोळ घालायला आलास व्हय सणाच्या दिशी?”

मी सांगितलं. अत्तर, ऊन, नशराचा फोड, मैदान, साबण. काशिराम ओले हात झटकत ऐकत होता. त्याला त्यातली गंमतच वाटत होती.

“तीनशे लोकांना आंगोळ घातलीस!” तो म्हणाला. “आनि तुला कळलं कवा?”

पाणी गळत होतं. त्याचे हात अजून माझ्या हातात होते.

“तू गेलास,” मी म्हणालो, “आणि फोन आला.”

“मंग तू तरी काय करनार?” तो म्हणाला.

दुपारी दोघं शिरखुर्म्याला आले. नशराने त्याचे हात उलटेपालटे करून पाहिले. काहीच नव्हतं. “कदाचित वाचलात काका,” ती म्हणाली. तीन वाजता भारताची मॅच होती, ती तो आमच्या घरीच बघत बसला. मी मॅच बघितली नाही. मी त्याच्या मनगटांकडे बघत होतो.

गुरुवारी सकाळी त्याचा फोन, “जरा आग होतेय रं.” दुपारी गेलो तर दोन्ही हात कोपरापर्यंत लाल, गरम. शुक्रवारी फोड आले. साधे नाहीत, पाण्याने टम्म भरलेले, लिंबाएवढाले. जिथे जिथे त्याने चोळलं होतं तिथे. मानेवर बोटांचे ओघळ जसेच्या तसे उमटले होते. डॉक्टर म्हणाले, भाजलंय, बरं होईल, पण काळे डाग वर्ष-वर्ष जात नाहीत आणि तोवर उन्हात जायचं नाही. उन्हात जायचं नाही, हे कोळ्याला सांगत होते.

मैदानातल्या तीनशे जणांपैकी कुणालाही काही झालं नाही. दोघा-चौघांना जरा लाली आली, तेवढीच. शुक्रवारच्या नमाजनंतर लोक मला थांबवून सांगत होते, नझीरभाई, तुमच्यामुळे. मी मलम घेतलं आणि तडक कोळीवाड्यात गेलो.

काशिराम पडवीत बसला होता, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. बोटं मिटत नव्हती. शांती त्याला चहा बशीतून पाजत होती. शेजारचा जगन आला होता.

“बग,” काशिराम जगनला म्हणाला, माझ्याकडे मान करून. “हाच तो. भरल्या मैदानात उभा राहिला आनि म्हनला, माजी चूक. दुसऱ्या कुनाची छाती झाली आसती का? माजं नशीब वाईट, मी निघालो आनि याला फोन आला.”

जगनने मान डोलावली. मला वाटलं, जगन जाईपर्यंत थांबावं. मग वाटलं, पुन्हा तेच. पुन्हा कुणीतरी समोर आहे म्हणून.

“काश्या, तू निघाला नव्हतास,” मी म्हणालो. “फोन आला तेव्हा तू सरबत पीत होतास. मला दिसत होतास. फोन ठेवला आणि मग तू हात वर केलास. मी पण केला. तेव्हा मला सगळं माहीत होतं.”

शांतीने बशी खाली ठेवली.

“मंग हाक का नाय मारली, भाव?” तिने विचारलं. चिडून नाही. तिला खरंच कळत नव्हतं.

“हाजीसाहेब समोर उभे होते. आणखी लोक होते. त्यांनी ऐकलं असतं. लोक काय म्हणतील, असं वाटलं.”

जगन उठला, पायरी उतरून गेला.

काशिराम स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. मी चाळीस वर्षं त्याला ओळखतो. तो रागावला की ओरडतो, खाडीच्या पलीकडे ऐकू जाईल असा. मी त्याची वाट बघत होतो. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

“लोकांच्यासाठी गप बसलास,” तो शेवटी म्हणाला. “मंग लोकांच्यासाठीच बोललास.”

“हो.”

“आनि मी?”

मी मलमाची ट्यूब उघडली, थोडं बोटावर घेतलं आणि त्याचा उजवा हात धरायला पुढे झालो. त्याने तो उचलला, हळूच, फोड फुटू नये म्हणून जपून, आणि बाजूला घेतला.

“ट्यूब तितं ठेव,” तो म्हणाला. “शांती लावंल.”